काकूंचा पहिला भाव

आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी मला फसवलं. दिवसाढवळ्या, आणि तेही माझ्याच तोंडून होकार वदवून. हातगाडीवर स्टीलचे डबे विकून मी कोपरीत भांड्यांचं दुकान उभं केलं. मला भावात हरवणारा माणूस पार कल्याणपर्यंत सापडायचा नाही, असं मी पैजेवर सांगत असे. आता सांगत नाही.

काका होते तोवर काकूंचा आवाज मी ऐकलाच नव्हता. घरात काय शिजायचं, टीव्हीवर काय लागायचं, इतकंच काय, काकूंच्या चपलेचा रंग कोणता, हेही काका ठरवत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांच्या घरात दुसऱ्या मताला जागा नव्हती. दोन वर्षांपूर्वी ते गेले. महिना उलटला आणि एके सकाळी लसणाच्या फोडणीचा वास जिना उतरून थेट माझ्या गल्ल्यापर्यंत आला. काकांना लसूण चालत नसे. तेव्हापासून काकू वरणात लसूण घालतात, भाजीत घालतात आणि एका चतुर्थीला तर त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीतही घातला. मी म्हटलं, "काकू, उपासाला लसूण?" तर म्हणाल्या, "सेहेचाळीस वर्षं लसणाचाच उपास केला रे. आता सोडतेय."

दुसरं खूळ बसचं. समोर येईल ती बस पकडायची, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, तिथे चहा प्यायचा आणि परत यायचं. एकदा शीळफाट्याहून मला फोन, "सदा, इथे नुसते ट्रक आहेत. फार मजा येतेय!" उरलेल्या दुपारी त्या माझ्या दुकानात बसत. बायका जुनं पितळ मोडीत द्यायला येत. मी नव्या पातेल्याचा भाव सांगे, त्या तणतणत पायरी उतरत, मी परत हाक मारी. काकू टक लावून बघत. मला वाटे, बिचारीला तेवढाच विरंगुळा.

मग त्यांचा मुलगा मुकुंद डोंबिवलीहून आला. "आई, आता एकटं राहणं पुरे. हे घर भाड्याने देऊ, तू आमच्याकडे चल." त्याने आपल्या घरी तिच्या खोलीला रंगसुद्धा देऊन ठेवला होता. काकूंनी शांतपणे सांगितलं, "मी लग्न करतेय. ज्येष्ठांचा वधूवर मेळावा आहे, तिथे नाव दिलंय."

मुकुंद घाम पुसत माझ्याकडे. "सदाभाऊ, ती तुमचं ऐकते. काहीतरी करा."

सौदा म्हटला की माझ्या अंगात येतं. त्याला घेऊन वर गेलो.

"काकू, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे की. जेवायला बोलावणार आहे सगळ्यांना."

"मुकुंदाचा तरी विचार करा."

"केलाय ना. तो अक्षता वाटेल."

दोन तास घासाघीस चालली. शेवटी काकूंनी मोठा उसासा टाकला. "बरं बाबा, नाही करत लग्न. पण मग हे घर मी सोडणार नाही. इथेच राहीन, एकटी." मुकुंद हो म्हणायला उतावीळ झाला. मी त्याचा हात दाबला, चेहरा आंबट केला, जरा वेळ घेतला आणि मगच म्हणालो, "चला, ठरलं." मुकुंदाने माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. जाताना एवढंच म्हणाला, "पण तिला काही झालं तर बघायचं तुम्ही." जिंकल्याच्या नादात मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, "मेळावा कुठे होता काकू?"

"कसला रे मेळावा? तू पातेल्याचा पहिला भाव दुप्पट सांगतोस, तो मिळेल असं वाटतं का तुला?"

मी संतापून दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना पत्ताही लागला नाही. त्या शहाडला नदी बघायला गेल्या होत्या.

हल्ली संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं तरी मी शटर ओढत नाही. वरच्या खिडकीत दिवा नसेल तर हात कुलपाकडे जातच नाही. मग त्या कोपऱ्यावरून डुलत येतात. "सदा, अजून उघडं?" मी म्हणतो, "माल मोजत होतो." स्वतःच्या आईसाठी मी असा कधी थांबलो नाही, तेव्हा पोटामागे धावत होतो आणि ती वाट बघत बसायची. हा घोर आपल्या सौद्यात नव्हता, काकू. तो माझ्या गळ्यात कोणी घातला? उद्याची बस पकडायच्या आधी दोन मिनिटं दुकानात या आणि याचा जाब द्या.