टँकरवाल्याची गोळी

लातूर नवा जिल्हा झाला त्या दुष्काळात औशाकडच्या आमच्या गावाला नवा टँकर मिळाला. ड्रायव्हर मात्र जुना, मुरलेला पिणारा. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. आमच्या गावात हातभट्टी होती, म्हणून सगळ्या गावांच्या आधी आमचं पाणी यायचं.

मग त्याच्या बायकोनं त्याला डॉक्टरकडं नेऊन दारू सोडायची गोळी चालू केली. आम्ही बायांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. पण गोळीनं त्याला सुस्ती येऊ लागली आणि टँकर दुपारी येऊ लागला. आला की चाकाला टेकून डोळे मिटायचा, सारखा थुंकायचा. "तोंडात लोखंड धरल्यावानी लागतंय," म्हणायचा. पाइप मीच लावायची.

एकदा टँकर आलाच नाही, तिथं आमचं कौतुक आटलं. दुसऱ्या दिवशी तो आल्यावर भजनातली म्हातारी पुढं झाली. हिनंच भट्टी बंद करा म्हणून सरपंचाचं डोकं खाल्लं होतं. तिनं पदराआडून पेला काढला. "घे रं लेकरा, घोटभर. लई वाळून गेलास."

"गोळीवर दारू पिली की छाती फुटती, मावशे."

त्यानं पेला घेतला, आमच्या रिकाम्या घागरींवरून नजर फिरवली आणि दारू मातीत ओतली.

"पिलो तर मी मरतो, न्हाई पिलो तर तुमी."

 मग रांगेतून कुणीतरी हळूच विचारलं, "दुसरा पिणारा ड्रायव्हर मिळंल का?"