कथेत उघडलेलं दार

माझ्या पहिल्या गाजलेल्या कथेला आता कोणी विचारत नाही. संग्रहातही ती मी घेतली नाही. प्रकाशकाला वाटलं, विसरलो असेन. विसरलो कसला.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. मी कारकुनी करायचो आणि दिवाळी अंकांना कथा पाठवायचो. बहुतेक साभार परत यायच्या. शाळेत मला मराठी शिकवलेले गुरुजी गुलमंडीच्या मागच्या गल्लीत राहायचे. त्यांच्या शेजारी पुस्तकं बांधणारे एक जिल्दसाज होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. चाचा रोज संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर चहाला यायचे. दोघं फार बोलत नसत. पेपर वाचायचे, कप खाली ठेवायचे आणि उठायचे.

गल्लीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत, खेड्यापाड्यांतून मुसलमानांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या येत होत्या तेव्हा, चाचा बायको-पोरींना घेऊन गुरुजींच्या दारात उभे राहिले होते. पुढं काय झालं ते कोणी सांगत नसे. पण इतक्या वर्षांचा चहा डोळ्यांसमोर होता, त्यावरून पुढचं मी जुळवलं. गुरुजींचं घर दोन पावलांवर, पण जाऊन विचारावं हे सुचलंसुद्धा नाही. माझ्या कथेतला मास्तर दार उघडतो, त्या कुटुंबाला तीन दिवस माजघरात ठेवतो आणि चालून आलेल्या टोळक्याला उंबऱ्यावरूनच परतवून लावतो. लिहिताना मला रडू आलं. आपल्याच लिखाणावर रडणाऱ्या लेखकापासून चार हात लांब राहावं, हे तेव्हा कोण सांगणार?

कथा छापून आली आणि लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मी नाव घातलं नव्हतं, पण गल्ली काही आंधळी नव्हती. वाचनालयानं गुरुजींचा सत्कार ठरवला; शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं. मी खुशीत पेढे घेऊन त्यांच्याकडं गेलो.

गुरुजींनी पुडा हातात घेतला नाही. "बस," म्हणाले. "मी दार उघडलं नव्हतं."

मला वाटलं, विनय आहे. मी हसलो. त्या हसण्याची आठवण आजही नकोशी वाटते.

"कडी धरून आत उभा होतो," ते म्हणाले. "ते बाहेरून दोनदा म्हणाले, मास्तर, पोरी आहेत. मग पावलं लांब गेली. त्यांना कुण्या नातेवाइकानं ठेवून घेतलं. महिन्याभरानं परत आले, अन् एक दिवस आपणहून ओट्यावर येऊन बसले. त्याबद्दल तेही कधी बोलले नाहीत, मीही नाही. तुझी कथा आल्यापासून आठ दिवस झाले, ते आलेले नाहीत. त्यांना वाटत असेल, मीच तुला असं सांगितलं. तू जा, अन् खरं काय ते सांग."

चाचा दुकानात पुठ्ठ्याला खळ लावत बसले होते. मी एका दमात सगळं बोलून टाकलं: चूक माझी, गुरुजींनी मला एक अक्षर सांगितलेलं नाही.

"मालूम है," ते म्हणाले. एरवी माझ्याशी दखनीत बोलणारे चाचा पुढचं सगळं मराठीत बोलले. "मास्तर खोटं सांगणार नाहीत. माझा राग त्यांच्यावर नाय."

"मग येत का नाही?"

"इतकी वर्षं मी चहासाठी जात होतो व्हय? चहा घरी बी मिळतो. वाटायचं, आज बोलतील. आज नाय तर उद्या. एकदा म्हणाले असते, चुकलं, तर मी म्हणणार होतो, जाऊ द्या मास्तर, तुमच्या जागी मी बी घाबरलो असतो. तुम्ही तर त्यांना देवमाणूस करून टाकलं. आता साऱ्या गावानं शाल घातल्यावर ते कशाला बोलतील? अन् मी माफ तरी कशाबद्दल करू?"

कुणाला काळं फासलं तर लेखकाचं पाप, चांगलं रंगवलं तर कुणाचं काही बिघडत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. एका माणसाची कबुली आणि दुसऱ्याची माफी मी एकाच कथेत खाऊन टाकली होती, आणि वर पेढे वाटत फिरत होतो.

परत येऊन मी गुरुजींना चाचांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी टोपी घातली आणि ते अनवाणीच बाहेर पडले. मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागं गेलो. ते चाचांच्या दुकानात शिरले आणि कुणीतरी आतून दार लोटलं.

सत्कार झाला नाही. गुरुजींनी वाचनालयाला खरं काय ते कळवलं, आणि गल्लीतले काही लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. चाचा मात्र पुन्हा ओट्यावर दिसू लागले.

पुढं एका संपादकानं कुठूनसं हे ऐकलं आणि मला म्हणाला, त्या दुकानात दोघं काय बोलले ते लिहा, खरी कथा तिथंच आहे. मी नाही म्हणालो. गुरुजी गेले, चाचाही गेले, आता हरकत घेणारं कोणी उरलेलं नाही. त्या दोघांचं बोलणं मी एका बैठकीत लिहून काढीन, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणीही आणीन. ते मला इतकं सहज जमेल, याचीच लाज वाटते.