उघडा जबडा
कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजल्याचा वास आला की मला कवटी आठवते. सात-आठ वर्षं झाली त्याला. जळगावात घरीच कॉम्प्युटरवर मी माणसाच्या कवटीचं शिल्प घडवत होतो, डॉक्टरकीच्या मुलांना शिकवण्यासाठी. कानापुढचा सांधा नीट दिसावा म्हणून काम तपासणाऱ्या डॉक्टरांनी जबडा उघडा ठेवायला सांगितला होता, आणि दोन दिवस मी त्या सांध्याची खोबणच कोरत बसलो होतो. धुळ्याकडच्या गावाहून आत्या आली होती. आम्ही तिला अक्का म्हणायचो. अंगणात भरताची वांगी भाजून ती पदराला हात पुसत आत आली नि पडद्यासमोर थबकली. "हाई कोनं डोकं शे?" "कोणाचंच नाही, अक्का." "कोनंच नही, आसं कसं व्हई?" तिने पुन्हा पाहिलं आणि ती हळूच म्हणाली, "मंग त्यानं तोंड तं मिटी दे, भाऊ. मेल्यावर आसं उघडं नही ठेवतस." मी माउसने जबडा मिटवला. ती निवांत होऊन ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या भाकरी थापायला वळली. मी मात्र तो पुन्हा उघडावा की नको, या घोळात संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. शेवटी डॉक्टरांचंच ऐकलं. गेल्या थंडीत अक्का गेली. कुणीतरी पांढरी पट्टी माझ्या हातात दिली आणि तिचं तोंड बांधायला सांगितलं. तो सांधा मी कितीदा घडवलाय, पण त्या वेळी माझ्या बोटांना तो सापडेना.