मुक्या चित्राचा दवंडीवाला

निजामाच्या अमलात, चित्रं अजून मुकी होती तेव्हा, माजलगावच्या बाजारात तंबूचा सिनेमा आला. पडद्याशेजारी उभं राहून पात्रांचं बोलणं म्हणणारा माणूस तंबूवाल्याला हवा होता. गावात सगळ्यात मोठा आवाज धोंडीराम दवंडीवाल्याचा, म्हणून त्यालाच धरलं. आवाज मोठा म्हणजे बोलणं चांगलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

धोंडीराम मात्र हरखून गेला. "जलमभर तहसीलचे हुकूम सांगितले, लोकांच्या हरवलेल्या म्हशी सांगितल्या," तो बायकोला म्हणाला. "आता एकदा माझं बोलणं लोकांनी ऐकावं."

चित्र खरोखर देखणं होतं. घर सोडून गेलेला मुलगा आणि त्याची वाट बघणारी आई. पडद्यावर नदीच्या पाण्यात ऊन हललं तरी आम्ही माना पुढं काढायचो. आणि अशा चित्रावर धोंडीराम डफाला थाप मारून गरजायचा, "ऐका हो ऐका! समस्त रयतेला कळावं, की हा मुलगा आईवर रुसून निघाला हाय हो!"

त्यात तंबूचं भाडं भरलं होतं चहापूड विकणाऱ्या मोहनरावांनी. त्यांची अट एकच, खेळात त्यांच्या चहाचं नाव वरचेवर यावं. त्यामुळं नायक पूर पोहून गेला तो मोहनरावांचा चहा पिऊन, आणि आई रडायला लागली ती डब्यातली पूड संपली म्हणून. मला तर पडदाच फाडावासा वाटला. "कावून वरडतो बे? गप ऱ्हा, बघू दे," असं म्हणत पहिल्याच खेळाला अर्धा तंबू उठला. तंबूवाल्यानं बजावलं, उद्या लोक उठले तर तू घरी.

धोंडीराम पडेल तोंडानं घरी आला. त्याच्या बायकोनं, बायनाबाईनं, भाकरी थापतच विचारलं, "घर सोडून गेलेला आपला पोरगा गहिनीनाथ इतक्या वर्षांनी दारात आला, तर तुमी दवंडी पिटाल व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं डफ घरीच ठेवला. खेळ शेवटाला आला. मुलगा दारात उभा, आई त्याच्याकडं बघतेय. धोंडीराम एवढ्या हळू बोलला की मागचे लोक पुढं सरकले.

"लई वाळलास रे."

बायांचे पदर डोळ्यांना लागले. तंबूवाला मागून त्याला ढोसत होता, "चहा, चहा म्हण." धोंडीरामनं तोंड उघडलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले मोहनराव उपरण्यानं नाक पुसत उठले. "चहा ऱ्हाऊ दे, धोंडीराम," ते म्हणाले. "ती माय पुढं काय म्हणती ते सांग."

जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी पुढचं विचारलं होतं, आणि धोंडीरामला बोलताच येईना.