चूक माझी होती, युसूफभाऊ
युसूफभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मळवलीच्या फाटकापाशी गाडी जायची वाट पाहत उभा होतो. लोणावळ्यातल्या ज्या बंगल्यावर ते वॉचमन होते, तिथं सकाळी झाडांना पाणी घालताना कोसळले आणि संपले. दुपारी दफनविधी झाला. मीही तीन मुठी माती दिली आणि आमच्या भाजे गावी परतलो. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला स्वतःबद्दलही लिहावं लागणार होतं, म्हणून पाच आठवडे कागद कोराच राहिला...

आमच्या लेण्यांना परदेशी पाहुणे येतात. त्यांना फिरवणं हा पूर्वी भाऊंचा व्यवसाय. शाळा सातवीपर्यंतच, पण इंग्रजी ऐकून ऐकून कमावलेलं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, तरी पाहुण्यांना त्यांचं समजायचं आणि माझं समजायचं नाही! लेण्यांचा इतिहास ते पाच मिनिटांत उरकत. त्यांचा खरा जीव गावातल्या रीतीभातीत. कुणी पाणी पुढं केलं तर नको म्हणू नका, प्यायचं नसेल तर तांब्याला नुसता हात लावा, हे ते घरात शिरण्याआधी करून दाखवत. एकदा एका पाहुणीनं शेतातल्या बाईचा फोटो काढायला कॅमेरा उचलला. बाई पदर तोंडाशी धरून हसली. पाहुणीला वाटलं, होकार आहे. भाऊंनी हळूच कॅमेरा खाली करायला लावला. मला म्हणाले, "मास्तर, आपल्या बाया न्हाई म्हनत न्हाईत, हसत्यात. ह्यांना कसं कळावं? ते सांगायलाच तर मी हाय."

चार वर्षांपूर्वी सखारामआबांचा तरणा मुलगा अपघातात गेला. नदीकाठी दशक्रिया होती, मीही गेलो होतो. त्या दिवशी भाऊंसोबत जर्मनीचा एक पाहुणा होता. वाट तिथूनच जात होती, म्हणून भाऊंनी त्याला लांब झाडाखाली थांबवलं, कॅमेरा पिशवीत ठेवायला लावला आणि स्वतः आबांना भेटायला पुढं गेले. पाहुणा माझ्याकडं आला. फोटो काढला तर चालेल का, त्यानं अदबीनं विचारलं. चारचौघांसमोर एक परदेशी माणूस माझ्याशी इंग्रजीत बोलत होता... मी म्हणालो, "ऑफ कोर्स! नो प्रॉब्लेम."

तो थेट मुलाच्या आईसमोर जाऊन बसला. ती माऊली जमिनीवर हात आपटून रडत होती आणि कॅमेरा तिच्या तोंडापासून दोन हातांवर. एकच गलका झाला. पोरांनी कॅमेरा हिसकावला. आबा ओरडले, "कुनी सांगितलं ह्याला?" पाहुण्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नदीकडं पाहू लागलो. तेवढ्यात भाऊ धावत आले, पाहुण्याच्या पुढं उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "माजी चूक, आबा. मी त्याला नीट सांगितलं न्हाई." आबांनी त्यांची गचांडी धरली. कुणीतरी म्हणालं, "तुमाला काय कळनार आमच्या इधीतलं?" जन्म याच गावात गेलेल्या माणसाला! भाऊंनी मान खाली घातली. मी अजून नदीकडंच पाहत होतो.

त्यानंतर गावानं त्यांना पाहुणे आणू दिले नाहीत. हॉटेलवाल्यांनी बोलावणं बंद केलं. भाऊ वॉचमन झाले. बाजारात भेटले की थांबायचे. "काय मास्तर, बरं हाय ना?" एवढं विचारून क्षणभर तोंडाकडं बघत उभे राहायचे. मी पावसापाण्याचं बोलून सटकायचो.

गेल्या आठवड्यात धीर करून त्यांच्या घरी गेलो आणि जुबेदावहिनींना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ठावं हाय. त्या पाव्हन्यानं त्याच दिशी गाडीत बसताना सांगितलं व्हतं ह्यांना."

"मग भाऊ बोलले का नाहीत?"

"मी बी तेच इचारलं. म्हनले, मास्तर आपनहून सांगतील. जरा दिस जाऊ दे."

म्हणजे बाजारात ते थांबत होते ते यासाठी... चार वर्षं.

दुखवट्याच्या घरातून उठताना 'येतो' म्हणत नाहीत. मी न बोलता उठलो. मागून वहिनी म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? आबांना सांगा. मग या."

दुसऱ्या दिवशी देवळासमोर चारजण बसलेले असताना आबांना सांगितलं. वाटलं, अंगावर येतील. पण ते म्हणाले, "मी त्याच्या मातीला बी गेलो न्हाई, मास्तर." आणि काठी घेऊन उठले.

आम्ही दोघं वहिनींकडं गेलो. दारामागच्या खिळ्याला एक कापडी पिशवी लटकत होती. देवळात जाताना पाहुण्यांनी उघड्या खांद्यांवर घ्यावीत म्हणून भाऊ उपरणी बाळगत, ती त्यात होती. चार वर्षं कुणी वापरली नव्हती. तरी भाऊ दर महिन्याला ती धुऊन, घड्या घालून पुन्हा पिशवीत ठेवत, असं वहिनी म्हणाल्या. आबांनी त्यातलं एक उपरणं काढलं, डोळ्यांना लावलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसून हुंदके देऊ लागले. वहिनींनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. माझ्यापुढंही ठेवला. आबा घटाघटा प्यायले. मी नुसता हात लावला.