काचेबाहेरचे बावीस दिवस

कराडच्या त्या दवाखान्यात विनोदिनी सिस्टरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कमी वजनाची बाळं काचेच्या खोलीत, आया बाहेर. आईनं दूध वाटीत काढून खिडकीतून द्यायचं, बाळाला हात लावायचा नाही. एकोणीस वर्षं त्यांनी हा नियम असा पाळला की डॉक्टरसुद्धा त्या खोलीत बिचकतच शिरत.

सत्त्याण्णव साली नवे डॉक्टर सौमित्र पुण्याहून काही कागद घेऊन आले. असं बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधलं तर ऊब टिकते, वजन भरतं, हे ठिकठिकाणी मोजून पाहिलेलं त्यात होतं.

"कागदावर बाळं वाढत नसतात, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या.

"मग आपण वाढवून बघू. वजन रोज तुम्हीच करा."

सिस्टर भडकल्या. सगळे म्हणाले, म्हातारपणीचा हट्ट. हट्ट कसला डोंबलाचा! त्यांची मुलगी मयूरीही सातव्या महिन्यात इथंच जन्मलेली. स्वतः नर्स असून त्या बावीस दिवस काचेबाहेर उभ्या राहिल्या. नियम मोडला तर बाकीच्या आयांना काय तोंड दाखवायचं? आता हे कागद खरे ठरले, तर ते बावीस दिवस उगाचच गेले होते. मयूरी सोळा वर्षांची झाली, तरी ते तान्हं अंग आपल्याला छातीशी धरायला मिळालं नाही, ही हुरहुर त्यांना अजून छळायची.

शेवटी डॉक्टरांनी वडूजच्या पूजाचं चौदाशे ग्रॅमचं बाळ तिच्या छातीशी बांधलं. सिस्टर रोज वजन करत. काटा खाली यावा, असं एकदा मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दहाव्या दिवशी बाळ सोळाशेला पोचलं.

"बाई, तुमची पोरगीबी अशीच व्हती म्हनं," पूजानं विचारलं. "तुमी किती दिस धरली?"

"नाही धरली. आम्हाला तसंच शिकवलं होतं."

पूजानं छातीशी बांधलेलं बाळ सोडवलं. "घ्या की वाईच."

सिस्टरांनी हात धुतले, स्टुलावर बसून बाळ छातीशी धरलं. जरा वेळानं ते मान वळवून, तोंड उघडून दूध शोधू लागलं. सिस्टरांनी घाईनं ते पूजाकडे दिलं.

"भूक लागलीय त्याला," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. "माझीही तेव्हा अशीच शोधत असेल गं."