पावसाच्या सालची शिराझ

फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, म्हणजे मेलबर्नच्या पॉइंट कुक भागातल्या आमच्या घरात डायनिंग टेबलापाशी, म्यूटवर बसले होते. स्क्रीनवर इराचं, माझ्या मावसभावाच्या मुलीचं, नाव दिसलं आणि उचलायच्या आधीच मला कळलं, कारण ती कधी फोन करत नाही, मेसेज टाकते. "आत्या," ती म्हणाली, "बाबा इज गॉन." मी विचारलं, "आई कुठेय?" तर म्हणाली, "शी'ज मेकिंग टी फॉर द नर्स." फोन ठेवला आणि मी उठून गाडीची किल्ली हातात घेतली. ॲडलेडच्या पुढचं त्यांचं घर आमच्यापासून गाडीने आठ-नऊ तासांवर. पण मेलबर्नमध्ये लॉकडाऊन होतं, साउथ ऑस्ट्रेलियाची सीमा आम्हाला बंद होती आणि खास परवानगीसाठी तीन आठवड्यांपूर्वी केलेल्या माझ्या अर्जापुढे अजून 'विचाराधीन' एवढंच दिसत होतं. "कुठे निघालीस?" मंदारने, माझ्या नवऱ्याने, दारातून विचारलं. किल्ली पुन्हा अडकवली आणि मीटिंगमध्ये जाऊन बसले. काय करायचं असतं अशा वेळी, ते खरंच सुचत नव्हतं.

सुहासदादा माझा मावसभाऊ. चिंचवडला वाढलेला, पिंपरीच्या एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये काम करणारा, सरळ नाकासमोर चालणारा माणूस. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मिळाला तेव्हा त्याला वाटलं होतं, इथेही कुठली तरी औषधाची कंपनी बोलावेल. कुणीच बोलावलं नाही. चार महिने वैशालीवहिनीने एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करून घर चालवलं आणि मग एका वायनरीतून याला लॅबचं काम मिळालं. आंबटपणा मोजायचा, गंधक मोजायचं, वहीत लिहायचं. आमच्या घरात वाइन सोडा, कुणी सोडालेमनसुद्धा चोरून पीत असे. मावशी शेजारीपाजारी सांगायची, "आमचा सुहास द्राक्षाच्या रसाच्या कंपनीत आहे." दादाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "खोटं कुठे आहे? रसच आहे. फक्त वय झालंय त्याचं."

आकडे मोजता मोजता त्याच्या जिभेला ते जग कधी कळायला लागलं कोण जाणे. दहा वर्षांत तो लॅबमधून निघून वाइन बनवणाऱ्यांत जाऊन बसला. दर ईस्टरला आम्ही त्यांच्याकडे जायचो, तेव्हा शनिवारी दुपारी जेवणाआधी तो एकाच मळ्याच्या शिराझच्या, म्हणजे त्या भागातल्या गडद लाल वाइनच्या, तीन-चार वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या मांडायचा. लेबल दिसू नये म्हणून प्रत्येकीवर त्याचा एकेक जुना लोकरी मोजा चढवलेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "दादा, धुतलेले आहेत ना?" तर म्हणाला, "तेही ओळखायचं." चव सांगायची ती मराठीतच, असा त्याचा दंडक. मंदारने एकदा कुठेतरी वाचलेलं 'ब्लॅकबेरी' म्हणून टाकलं, तर दादा उखडला. "लहानपणी तू ब्लॅकबेरी खाल्ली होतीस का रे? तुझ्या तोंडाला काय आठवतं ते सांग." मग मी करवंद म्हणायचे, लिंबाचं जुनं लोणचं म्हणायचे, एकदा तर सायकलच्या दुकानातली ट्यूब म्हणाले, आणि त्याने चक्क टाळ्या वाजवल्या. वाइन तरुण असते तेव्हा तुरट असते, जीभ आखडते. वर्षं गेली की तो तुरटपणा विरघळतो आणि खालचं जे खरं असेल ते वर येतं, हे मला त्याने असं शिकवलं. खाली काही नसेल तर? "तर काहीच येत नाही वर," तो म्हणायचा. "मग दहा वर्षं फुकट गेली म्हणायचं."

त्याचं सगळं अडकलं होतं ते एका सालात. त्या वर्षी ऐन तोडणीच्या आधी पाऊस लागला आणि थांबेचना. शेजारच्या मळ्यांत घड कुजून गळायला लागले. मालकाचं मत पडलं की यंदा या मळ्याची चांगली वाइन भरायचीच नाही, जे हाती लागेल ते स्वस्तात काढून टाकू. दादा अडून बसला. कुजलेले मणी हाताने वेगळे काढायला त्याने माणसं लावली, स्वतः तीन आठवडे त्यांच्याबरोबर उभा राहिला, आणि मालकाला म्हणाला, "गिव्ह इट टेन इयर्स, मेट. नाही टिकली तर मला काढून टाका." आम्ही ती कोवळी असताना चाखली होती. पातळ, आंबट, रागावलेली. आधीच्या वर्षीची, भरपूर ऊन मिळालेली वाइन तिच्यापुढे राणी वाटायची. दादा मात्र दरवर्षी तेच म्हणायचा... "थांबा. ही त्या उन्हाच्या सालालाही मागे टाकेल."

दहा वर्षं झाली तेव्हा त्याच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला. केमोने तोंडाची चव गेली. "वरण खा, पाणी पी, सगळं एकच," फोनवर सांगत होता, "तोंडात नाणं धरून ठेवल्यासारखं." मी जायचं ठरवलं, तिकीट काढलं, आणि त्याच आठवड्यात सीमा बंद झाली. त्यानंतर एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज बारीक झालेला, पण त्यात जुना हट्ट होता. "मेधे, एक काम आहे. पावसाचं साल, उन्हाचं साल आणि त्यानंतरचं एक, अशा तीन पाठवतो. तू चाखायच्या आणि मला सांगायचं."

"मी? अरे, तुझे वायनरीतले लोक..."

"ते मला काय सांगणार? मरणाऱ्या माणसाला कोण वाईट सांगतं? तू सांगशील. तुला खोटं बोलता येत नाही. दहावीच्या मार्कांपासून बघतोय."

आता त्याला उठवत नव्हतं. बाटल्या वहिनीने उघडल्या, प्रत्येकीतली थोडी वाइन लॅबच्या छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरली, हवा राहू नये म्हणून, आणि एक, दोन, तीन असे आकडे चिकटवले. कुठला आकडा कुठल्या सालाचा, ते फक्त वहिनीने चिठ्ठीवर लिहून ठेवायचं; त्यालाही सांगायचं नाही. "दोन दिवसांत पोचेल," तो म्हणाला. "पोचल्या पोचल्या चाख. अशी भरलेली वाइन फार थांबत नाही."

पार्सल दोन दिवसांत पोचलं नाही. चार दिवसांत नाही, सहा दिवसांत नाही. लॉकडाऊनमध्ये अख्खं शहर घरी मागवत होतं, पार्सलांचे डोंगर झाले होते. मी रोज दहा वेळा ट्रॅकिंग बघायचे. आमच्या घरापासून पाऊण तासावरच्या कुठल्या तरी गोदामात ते पडलं होतं, आणि मला पाच किलोमीटरच्या बाहेर जायची मुभा नव्हती. फोन केला की यंत्र बोलायचं. दादा रोज विचारायचा, "आलं?" मी म्हणायचे, "उद्या येईल." नवव्या दिवशी आलं.

पांढऱ्या कागदावर तीन ग्लास मांडले. हात धुतले, परत धुतले. पहिल्या ग्लासातली वाइन मेली होती, कालच्या चहासारखी. दुसरी सरळ आंबलेली. तिसऱ्या ग्लासात मात्र काहीतरी होतं... थकलेलं, पण होतं. आधी सुकं आमसूल, मग ओल्या लाकडासारखं काही, आणि गिळल्यावरही जिभेवर रेंगाळणारा गोडवा. दोष पार्सलचा की वाइनचा, हे कळायला काही मार्ग नव्हता. मी मंदारला म्हटलं, "तिन्ही सुंदर आहेत म्हणून सांगू?" तो म्हणाला, "त्याला कळेल."

मी खरं सांगितलं. "तिसरी," तो म्हणाला. "परत सांग. गिळल्यावर काय?"

"गोडवा. बराच वेळ."

"किती वेळ?"

"मी तुझा नंबर लावला, तू उचललास, तरी होता."

तो हसला. हसताना त्याला खोकला आला आणि वहिनीने फोन काढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाजी मेसेज आला, चार शब्दांचा. "पावसाचीच होती गं ती." मी तो मेसेज किती वेळा ऐकला असेन! पुढच्या दहा दिवसांत तो गेला.

त्याचा निरोप मी लॅपटॉपवर घेतला. कॅमेरा हॉलच्या मागच्या भिंतीला. मला दिसत होता तो वहिनीचा पाठमोरा अंबाडा, शेजारी इरा आणि दूरवर ठेवलेली शवपेटी. मध्येच चित्र थांबलं आणि सुरू झालं तेव्हा माणसं उठून उभी होती. काय बोललं गेलं, मला कळलंच नाही. मंदार वायफायच्या डब्याशी खटपट करत होता आणि मी त्याच्यावर ओरडत होते.

सीमा उघडल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही निघालो. वहिनीने दार उघडलं. खूप बारीक झाली होती. जेवणं झाल्यावर मी तिला म्हटलं, "निदान एवढं समाधान की त्याला कळलं, तो बरोबर होता." वहिनी ताटं विसळत होती. नळ बंद करून म्हणाली, "मेधा, मला माहीत नाही ती कुठली होती."

बाटल्या भरून झाल्या तेवढ्यात आत दादा पडला होता, बाथरूमच्या दाराशी. ती धावली. त्याला उचललं, पुसलं, अंथरुणावर घातलं. ओट्याशी परत आली तर तीन सारख्या बाटल्या उभ्या, आणि कुठलं काय ते आठवेना. तिने आकडे चिकटवून टाकले. "पुन्हा भरते म्हटलं असतं तर त्याने कारण विचारलं असतं. आणि तुझा फोन झाल्यावर त्याने विचारलं, तीन म्हणजे कुठली? मी म्हटलं, तुझी. पावसाची." तिने विसळलेलं ताट उपडं घातलं. "त्या संध्याकाळी चार चमचे पेज खाल्ली त्याने. आठवड्यात पहिल्यांदाच."

गॅरेजमध्ये पावसाच्या सालच्या दोन बाटल्या उरल्या होत्या. उघडूया असं वहिनीच म्हणाली. रविवारी दुपारी, स्वयंपाकघराच्या टेबलावर. इरा समोर बसली होती. बूच भुसभुशीत होऊन अर्धं तुटलं. मी ग्लासात ओतली, वास घेतला, एक घोट घेतला. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"खरं सांग," ती म्हणाली.

"संपलीय, वहिनी. काही राहिलं नाही तिच्यात."

इरा पटकन म्हणाली, "कॉर्क खराब असेल. इट हॅपन्स. वन बॉटल डझन्ट प्रूव्ह एनिथिंग, आई. दुसरी उघडूया."

"नाही," वहिनी म्हणाली. "दुसरी उघडायची नाही."

मी ग्लास उचलून सिंककडे निघाले, तर तिने हात पुढे करून तो माझ्याकडून घेतला. पंचवीस वर्षं वाइनवाल्याच्या घरात काढून थेंबही न चाखलेली बाई. पहिल्या घोटाला तिचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. "एवढं वाईट लागतं?" तिने विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. तिने ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू, औषध घ्यावं तशी, सगळी संपवली.